आधी ऑर्गनची किल्ली, मग पदाचं नाव

वाचकाचं पत्र:

"चौदा वर्षांपूर्वी चर्चमधला पाइप ऑर्गन शिकायला परदेशात आले आणि इथेच राहिले. विद्यापीठात ऑर्गन, संगीतसिद्धान्त आणि श्रवणाचे तास घेते, रविवारी एका चर्चमध्ये वाजवते. ऑर्गन हा मुख्य विषय घेतलेले माझ्याकडे सध्या दोनच विद्यार्थी आहेत. पुढच्या वर्षापासून ऑर्गनचं स्वतंत्र पद बंद करून ते सिद्धान्ताच्या पदात मिसळायचं, असं विभागप्रमुखांनी सांगितलंय. त्याच सुमारास चर्चने पूर्णवेळ संगीत संचालक म्हणून या, असं विचारलंय. माझा राहण्याचा परवाना विद्यापीठाच्या नोकरीवर आहे. मी ख्रिस्ती नाही. चर्चला ते ठाऊक असावं, पण त्यावर कधी बोलणं झालेलं नाही. मागच्या मैफलीनंतर एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, 'तुम्ही फार अचूक वाजवता, पण हे संगीत तुमच्या रक्तात नाही.' तेव्हापासून वाजवायला बसले की ते वाक्य कानात घुमतं. आई म्हणते, परत ये. पण परत आले तर वाजवायला ऑर्गन कुठे आहे? ऑर्गन सोडून नोकरी वाचवू, की नोकरी सोडून ऑर्गन वाचवू?"

— परदेशातली एक वाचक

प्रिय ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे पुढचं निवांत वाचता येईल. नवं पद घ्या, पण विद्यापीठाच्या ऑर्गनवरचे तुमचे तास लेखी मिळाल्यावरच. चर्चचं पूर्णवेळ पद आत्ता घेऊ नका; रविवार मात्र सोडू नका. आणि परतायचं की नाही, हा निर्णय परवान्याची टांगती तलवार डोक्यावर असताना घेऊ नका.

ऑर्गन की नोकरी, अशी निवड तुमच्यापुढे अजून कुणी ठेवलेली नाही. विभागप्रमुख पदाचं नाव बदलायचं म्हणताहेत. त्या नावाखाली तुम्ही काय शिकवाल, वाद्य तुम्हाला किती मिळेल, मैफली कामात धरल्या जातील का, यातलं काहीच अजून कागदावर आलेलं नाही. ते यायच्या आतच तुम्ही मनात अर्धा राजीनामा लिहून टाकलाय. तो फाडून टाका, कारण कागद कोरा आहे तोवरच त्यावर तुमच्या अटी लिहिता येतात.

मी स्वतः बरीच वर्षं परक्या देशात संगीत शिकवलं आणि रविवारी वाजवलं, म्हणून हे ठामपणे सांगते: आपल्या पेशात पगार, पद आणि पदवी यांच्याही आधी एक प्रश्न येतो, आणि तो म्हणजे वाद्यापाशी मला कोण जाऊ देतं. व्हायोलिन वाजवणारा आपलं वाद्य पाठीला अडकवून विमानात बसतो. पियानो कुठे ना कुठे मिळून जातो. ऑर्गन इमारतीत बांधलेला असतो, इमारत दुसऱ्याची असते, कन्सोलला, म्हणजे वादक बसतो त्या कळफलकांच्या मेजाला, कुलूप असतं आणि किल्ली कुणाच्या तरी खिशात असते. त्यात दोन ऑर्गन कधी सारखे नसतात. एकीकडे पायांनी वाजवायच्या 30 पट्ट्या, सपाट आणि समांतर. दुसरीकडे 32, मध्ये खोलगट आणि पुढे पसरत गेलेल्या. कुठे कळ आणि पाइपाखालची झडप यांच्यामध्ये लाकडी पट्ट्यांची सरळ जोडणी असते, झडप उघडताना बोटाला कळतं. कुठे मधे वीज असते, बोटाला काहीच कळत नाही. पाइप तुमच्यापासून 30 मीटरवर असतील तर आवाज कानाशी पोचायला जवळजवळ 0.09 सेकंद लागतो, आणि त्या उशिराला न भुलता बोटांनी पुढे जात राहायचं असतं. हे सगळं त्या विशिष्ट वाद्यावर बसूनच अंगवळणी पडतं.

हे तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या विभागप्रमुखांना ते ठाऊक असेलच असं मात्र धरून चालू नका. "ऑर्गन आहे की, केव्हाही वाजवा" असं ते मोकळ्या मनाने म्हणतील. मग वाद्यवृंदाच्या तालमी, पदवीदान, परीक्षा, भाड्याने दिलेले कार्यक्रम यांतून उरलेला वेळ तुमच्या वाट्याला येईल, आणि तो बहुधा रात्रीचा असेल. म्हणून आठवड्याचे तास आकड्यात मागा, त्यांतले काही दिवसाउजेडी मागा, आणि मैफलीच्या आदल्या दिवसांसाठी वेगळे मागा. रात्री एकटीने रिकाम्या इमारतीत बसायचं असेल तर सुरक्षारक्षकाला कळवायची व्यवस्थाही त्याच कागदात असू द्या. हे किरकोळ वाटेल, पण एकट्या बाईला रियाजासाठी रात्र नेमून देणारं पद चांगलं पद नव्हे.

दुसरी गोष्ट देखभालीची. ऑर्गनचं स्वतंत्र पद गेलं की वाद्याला वाली राहत नाही. स्वर लावणाऱ्या कारागिराला बोलवायचं कुणी, पैसे कोणत्या खात्यातून, सुट्टीत सभागृहाची उष्णता किती ठेवायची, हे विचारणारं माणूस उरत नाही. तापमान 10 अंशांनी बदललं तर शिट्टीसारखे वाजणाऱ्या फ्लू पाइपांचा स्वर जवळजवळ अर्धस्वराच्या एक तृतीयांशाने सरकतो, पातळ पट्टी थरथरून वाजणारे रीडचे पाइप मात्र फारसे हलत नाहीत, आणि मग एकच वाद्य स्वतःशीच भांडायला लागतं. असा बेसूर ऑर्गन ऐकून उद्या कुणीतरी म्हणेल, याला खर्च कशाला करायचा? तेव्हा नव्या पदाच्या वर्णनात एक ओळ घालून घ्या, की विद्यापीठाच्या ऑर्गनची जबाबदारी या पदाकडे राहील आणि देखभालीसाठी दरवर्षी ठरावीक तरतूद असेल. नाव सिद्धान्ताचं असलं तरी चालेल. वाद्य कुणाकडे आहे, याला मी जास्त महत्त्व देते.

पद जाण्याची नामुष्की तुम्हाला टोचतेय, हे पत्रात न लिहिताही दिसतं. इथे हीली विलन या ऑर्गनवादक आणि रचनाकाराची हकीकत सांगावीशी वाटते. ते इंग्लंडमध्ये 1880 साली जन्मले आणि 1913 मध्ये कॅनडात टोरोंटोला आले. शहरातल्या एका मोठ्या चर्चचा भव्य ऑर्गन त्यांच्याकडे होता, शिवाय कन्झर्व्हेटरीत, म्हणजे संगीत महाविद्यालयात, शिकवणं. 1921 मध्ये ते मोठं चर्च सोडून सेंट मेरी मॅग्डलीन या लहान चर्चमध्ये गेले, कारण त्यांना हवं तसं उपासनासंगीत तिथे करता येणार होतं, आणि 1968 मध्ये मृत्यू होईपर्यंत तिथेच राहिले. मधे 1936 मध्ये कन्झर्व्हेटरीतलं त्यांचं उपप्राचार्याचं पद काटकसरीपायी रद्द झालं. पुढे त्यांनी टोरोंटो विद्यापीठात 1950 पर्यंत संगीत शिकवलं, आणि विद्यापीठाचे ऑर्गनवादक तर ते 1932 पासून 1964 पर्यंत होते. आज कॅनडाच्या संगीताबद्दल बोलताना त्यांचं नाव टाळता येत नाही, आणि रद्द झालेलं पद त्यात कुठे आठवतही नाही. मला यातला चर्चबदल सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मोठा ऑर्गन सोडला, पण आपलं काम जिथे नीट होईल ती जागा धरली आणि ती शेवटपर्यंत सोडली नाही.

आता परवाना. तुम्ही देशाचं नाव लिहिलेलं नाही आणि प्रत्येक देशाचे नियम वेगळे, म्हणून मी नियम सांगणार नाही; कुठे ठेच लागते ते सांगते. अनेक देशांत नोकरीवर मिळालेला परवाना त्या एका मालकाशी आणि त्या कामाच्या स्वरूपाशी बांधलेला असतो. पद ऑर्गनचं होतं ते सिद्धान्ताचं झालं, तर हा बदल सरकारदरबारी कळवावा लागू शकतो. रविवारच्या मानधनासाठी वेगळी परवानगी लागत असेल. पाकिटात घालून दिलेली "भेट"ही काही ठिकाणी काम म्हणून मोजली जाते. तुम्ही आत्ता चर्चकडून जे घेता त्याची नोंद नीट आहे ना, हे सगळ्यात आधी तपासा. विद्यापीठाचा वकील सज्जन असला तरी तो विद्यापीठाचा वकील असतो. स्वतःचे पैसे खर्च करून स्थलांतराच्या कायद्यातला स्वतंत्र वकील गाठा आणि त्याला तीन गोष्टी विचारा: पदाचं नाव बदलल्यास परवान्याचं काय होतं, मालकावर अवलंबून नसलेला कायमचा परवाना मिळायला मी पात्र आहे का, आणि तो अर्ज चालू असताना नोकरी बदलली तर काय. चौदा वर्षं राहिलेल्या प्राध्यापकाला दुसरा प्रश्न विचारायची वेळ बऱ्याचदा आलेली असते, पण रियाज, तास आणि रविवार यांत तो विचारायचा राहून जातो.

कायमचा परवाना हातात आल्यावर विद्यापीठ, चर्च आणि परतणं हेच तीन पर्याय तुम्हाला अगदी निराळे दिसतील. म्हणूनच चर्चला आत्ता "नाही" न म्हणता "दोन वर्षांनी बोलू, तोवर रविवार माझा" असं म्हणायला मी सुचवते.

चर्चच्या पदाला मी थांबायला सांगते यामागे दुसरंही कारण आहे, आणि ते जास्त नाजूक आहे. रविवारी वाजवणारी आणि संगीत संचालक यांत फक्त तासांचा फरक नसतो. संचालक वर्षभराची गीतं निवडते, गीतांच्या शब्दांचा अर्थ गायकवृंदाला समजावते, पाळकांबरोबर, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंबरोबर, बसून उपासनेचा आराखडा करते, मुलांना शिकवते, शोकात असलेल्या कुटुंबाशी दफनविधीच्या संगीताबद्दल बोलते. काही चर्चना या पदावर आपल्याच श्रद्धेचं माणूस हवं असतं, काहींना ते अजिबात लागत नाही, आणि धार्मिक संस्थांना तशी अट घालायची मुभा काही देशांचा कायदा देतोही. तुम्ही ख्रिस्ती नाही यावर "कधी बोलणं झालेलं नाही" हे रविवारपुरतं चालून गेलं. संचालकपदाला ते चालणार नाही. पाळकांना भेटा आणि सरळ सांगा: माझी श्रद्धा ही अशी आहे, तुमच्या उपासनेबद्दल माझ्या मनात आदर आहे, यात तुम्हाला अडचण आहे का? उत्तर काहीही आलं तरी तुमची मान मोकळी होईल. कारण वेदीजवळ बसून आपण खोटं वागतोय की काय, ही शंका तुमच्या पत्रात आहे, फक्त तुम्ही ती एका वाक्यात गुंडाळलीत.

माझं मत विचाराल तर तुम्ही खोटं वागत नाही. जे म्हणवत नाही ते म्हणू नका, ज्या विधीत भाग घेववत नाही त्यात घेऊ नका. कन्सोलवर बसलेल्या माणसाकडून त्याची अपेक्षा क्वचितच असते. तुमच्याकडून अपेक्षा ही, की समोर जी माणसं गाणार आहेत त्यांना आधार मिळावा. आणि इथे मला तुमच्याशी थोडं भांडायचं आहे. मैफलीबद्दल तुम्ही एवढं मन उघडून लिहिलंत, आणि रविवारबद्दल नुसतं "वाजवते". मंडळीला, म्हणजे उपासनेला जमलेल्या लोकांना, गाऊ देणं ही ऑर्गनवादकाची मुख्य विद्या आहे. पहिल्या ओळीआधी किती श्वास द्यायचा, दोन कडव्यांमध्ये किती थांबायचं, म्हाताऱ्या आवाजांना झेपेल अशी लय कशी धरायची आणि तरी ती मंदावू कशी द्यायची नाही, "मरण" शब्द असलेल्या कडव्याला कोणते स्टॉप (पाइपांचे संच चालू-बंद करणारे खटके) काढून घ्यायचे, शेवटच्या कडव्याला स्वरसंगती कुठे बदलायची. मंडळीचा आवाज तुमच्यापर्यंत उशिरा येतो. तो ऐकून त्याच्यामागे गेलात की सगळेच मागे पडत जातात, आणि न ऐकता पुढे गेलात की लोक गायचे थांबतात. यांच्या मधली वाट पुस्तकात मिळत नाही.

तुमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांचं वाक्य मी इथेच घेते, कारण त्याचं औषधही इथेच आहे. आधी त्या वाक्यातलं जे निखालस खोटं आहे ते बाजूला करू. ऑर्गनचं संगीत कुणाच्याच रक्तात नसतं. आज ज्याला उत्तर जर्मन ऑर्गनशैली म्हणतात तिच्या मुळाशी हॅम्बुर्गचे तरुण आहेत, जे ॲमस्टरडॅमला स्वेलिंक या डच ऑर्गनवादकाकडे शिकायला गेले. त्याच शैलीतला सगळ्यात मोठा मानला जाणारा बुक्सटेहूड डेन्मार्कच्या राज्यातून 1668 मध्ये ल्यूबेकला नोकरीला आला. आणि फ्रान्समध्ये सेझार फ्रांक. त्यांची गोष्ट तर तुमच्या कपाटावर चिकटवून ठेवावी अशी आहे. लीएज शहरात 1822 साली जन्म; ते शहर आज बेल्जियममध्ये आहे. तेराव्या वर्षी कुटुंबासह पॅरिसला आले. कन्झर्व्हेटरीत परदेशी मुलाला प्रवेश मिळेना म्हणून वडिलांनी फ्रेंच नागरिकत्व घेतलं. मुलगा तिथे शिकला, मोठा झाला, सेंट क्लोटिल्ड चर्चचा ऑर्गनवादक झाला. फ्रेंच संगीताच्या प्रसारासाठी 1871 मध्ये जी संस्था निघाली तिच्या संस्थापक सदस्यांत ते होते. 1872 मध्ये कन्झर्व्हेटरीत ऑर्गनचे प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली आणि तेव्हा कागदपत्रांत निघालं की ते फ्रेंच नाहीतच. वडिलांमुळे मिळालेलं नागरिकत्व ते सज्ञान झाले तेव्हाच संपलं होतं. 1873 मध्ये त्यांनी रीतसर नागरिकत्व घेतलं. पन्नाशी गाठलेला, सदतीस वर्षांपूर्वी त्या देशात आलेला माणूस दप्तरी परका होता, आणि फ्रेंच ऑर्गनसंगीताची एक अख्खी पिढी त्याच्या वर्गातून घडली.

आता वाक्यातला जो भाग तपासण्यासारखा आहे तो तपासू. पुढच्या वेळी ते सहकारी भेटले की स्वरलेखन समोर ठेवा आणि शांतपणे विचारा, "कोणत्या मापात (बारमध्ये) तुम्हाला तसं वाटलं?" त्यांनी जागा दाखवली, इथे वाक्य संपताना हात लवकर उचललात, इथे लय श्वास घेत नाही, असं काही सांगितलं, तर तो फुकट मिळालेला धडा आहे, घ्या. त्यांना एकही माप दाखवता आलं नाही, तर त्यांनी तुमचं वाजवणं न ऐकता तुमच्याकडे पाहून मत बनवलं होतं, आणि त्याची जागा तुमच्या कानात नाही. तेच शब्द उद्या तुमच्या मूल्यमापनाच्या अहवालात आले तर मात्र गप्प बसू नका. तारीख घालून लिहून ठेवा आणि विद्यापीठातल्या संबंधित अधिकाऱ्याकडे न्या.

परक्या देशात वाढलेल्या वादकाकडून एक गोष्ट सुटू शकते, आणि ती कमीपणाची नाही. लहानपणी मंडळीत उभं राहून गायलेली गीतं. कोणत्या चालीला लोक आपोआप कुठे थांबतात, कोणत्या ओळीवर आवाज चढतो, हे गाणाऱ्याच्या बाजूने ठाऊक असणं. ते अजूनही मिळवता येतं. अधूनमधून एखाद्या रविवारी बदली वादक द्या आणि दुसऱ्या चर्चमध्ये बाकावर बसून सगळ्यांबरोबर गा. वेगवेगळ्या पंथांची चर्च निवडा. लुथरन मंडळी आणि अँग्लिकन मंडळी एकाच तऱ्हेने गात नाहीत. "अचूक" वाजवणाऱ्या हातांना जे हवं असतं ते बरेचदा घशातून येतं. शिवाय तुम्ही वर्षानुवर्षं लोकांकडे पाठ करून बसलात, पाळकांना आरशातून पाहिलंत. त्या लोकांच्या खांद्याला खांदा लावून बसण्याची तुम्हाला दुसरीही गरज आहे असं मला वाटतं. चौदा वर्षांच्या पत्रात एकाही मित्रमैत्रिणीचा उल्लेख नाही. उपासना संपल्यावरची वादनाची शेवटची रचना झाली की लगेच कुलूप लावून निघू नका. मुलांना वर बोलवा, त्यांना पेडलवर उभं राहू द्या, त्यांच्या आयांशी बोला.

दोन विद्यार्थ्यांचा आकडा विभागाने तुमच्याविरुद्ध वापरला आहे, आणि तुम्ही तो मान्य केल्यासारखा लिहिला आहे. मान्य करू नका. ऑर्गन मुख्य विषय घेणारे फार थोडेच असतात. तुमचा खरा वर्ग शेजारच्या खोल्यांत बसलाय: पियानोचे विद्यार्थी. त्यांच्यासाठी एका सत्राचा ऑर्गनचा वर्ग काढा. पियानोवर मुलं पायाखालच्या पेडलने स्वर लांबवतात, ऑर्गनवर बोट उचललं की स्वर संपला. तिथे त्यांना कळतं की आपण स्वर सुरू करायला शिकलो पण संपवायला शिकलोच नाही. जोराने दाबून आवाज वाढत नाही म्हटल्यावर वाक्याला आकार द्यायला स्वरांमधली फट उरते, आणि ती फट ऐकायला शिकलेला विद्यार्थी पियानोवर परत जातो तो बदलून जातो. तुमचे सिद्धान्ताचे तासही तिथेच घ्या. चार आवाजांची स्वरसंगती फळ्यावर लिहिण्याऐवजी हातांच्या कळफलकांवर आणि पायांवर वाजवून घेतली, की समांतर पंचम (दोन आवाजांनी पंचमाचं अंतर राखून एकत्र सरकणं) का टाळायचा हे वेगळं सांगावं लागत नाही. फ्रांक यांच्या काळात पॅरिसच्या ऑर्गनवर्गाची परीक्षा बहुतांशी उत्स्फूर्त वादनाची असे, आणि त्या वर्गातून बरेच रचनाकार बाहेर पडले ते काही योगायोगाने नव्हे. तुमच्या नव्या पदात सिद्धान्त आणि ऑर्गन एकत्र येत असतील तर हा वर्ग चालवायला तुमच्याइतकं योग्य माणूस विभागात दुसरं कुणी नसेल. ज्याला तुम्ही पदावनती समजताय, त्यातून हा एक वर्ग तरी हक्काने मागून घ्या.

गीतं नीट वाजवू शकणाऱ्या विद्यार्थ्याला रविवारचं काम मिळतं, हेही विभागाला सांगा. वादक सापडत नाही ही तक्रार चर्चकडून सतत ऐकू येते. संगीताच्या पदवीधराला पदवी संपायच्या आत पैसे मिळवून देणारे विषय फार नसतात.

मैफलींबद्दल एक व्यवहाराची सूचना. कित्येक विद्यापीठांत वादकाच्या मैफली संशोधनाच्या जागी मोजल्या जातात, पण त्या कागदावर दिसल्या तरच: कार्यक्रमपत्रिका, ध्वनिमुद्रण, बाहेरच्या तज्ज्ञाचा अभिप्राय. रविवारचं वादन तिथे बहुधा मोजलं जात नाही. नव्या पदात मैफली संशोधन म्हणून धरल्या जातील हे लिहून घ्या, नाहीतर पदोन्नतीच्या वेळी सिद्धान्तावरचे लेख मागतील आणि तुमच्याकडे नुसता रियाज असेल. तुमच्या देशात ऑर्गनवादकांची संघटना असेल तर सदस्य व्हा. ब्रिटनमध्ये 1864 साली निघालेलं रॉयल कॉलेज ऑफ ऑर्गनिस्ट्स आणि अमेरिकेत 1896 साली निघालेलं अमेरिकन गिल्ड ऑफ ऑर्गनिस्ट्स परीक्षा घेतं, आणि अमेरिकन गिल्ड तर वादक आणि चर्च यांच्यातल्या कराराचे नमुनेही देतं. चर्चबरोबरचा तुमचा आत्ताचा करार तोंडी असेल तर तसा नमुना वापरून लेखी करा. लग्न आणि दफनविधीला वाजवायचा पहिला हक्क तुमचा, बदली वादकाचे पैसे कोण देणार, आणि वर्षाला किती रविवार सुट्टी, एवढं त्यात हवंच.

सुट्टीवरून तुमच्या आईकडे येते. ऑर्गनवादकाच्या घरच्यांना एक गोष्ट कधी नीट समजत नाही, आणि ती समजावून सांगायलाही कुणाला वेळ नसतो: जगाला नाताळ आणि ईस्टरची सुट्टी असते तेव्हा आपण कामाच्या ऐन भरात असतो. बाकीचे परदेशातले लोक डिसेंबरात घरी जातात, तुम्ही जात नाही, आणि आईला वाटतं मुलगी यायला टाळते. हे तिला स्पष्ट सांगा. नाताळच्या आठवड्यात किती उपासना असतात, किती गीतं असतात, ते तिला दिवसवार सांगा. जमलं तर एखाद्या उपासनेचं ध्वनिमुद्रण पाठवा, आणि त्यात कोणता आवाज तुमच्या पायांचा आहे ते फोनवर सांगा. विद्यापीठाच्या उन्हाळी सुट्टीत सलग महिनाभर तिच्याकडे जा, आणि त्या महिन्याचे रविवार करारातच मोकळे ठेवा. ती "परत ये" म्हणते त्यात काळजी किती आणि स्वतःची गरज किती, हे फोनवर कळणार नाही. तिची तब्येत खरोखर खालावत असेल तर माझा सगळा हिशेब बदलतो, आणि मग तुम्ही मला पुन्हा लिहा. तसं नसेल, तर चौदा वर्षांच्या कामाला एका वाक्यावर आणि एका पदाच्या नावावर गुंडाळू नका.

कामाचा क्रम मात्र चुकवू नका. या आठवड्यात वकिलाची वेळ घ्या. त्याच्याशी बोलणं झाल्यावर पाळकांना भेटा. विभागप्रमुखांना पत्र शेवटी: आठवड्याचे तास, वाद्याची जबाबदारी आणि देखभालीची तरतूद, पियानोच्या विद्यार्थ्यांचा वर्ग, मैफलींची गणना, एवढंच, एका पानात. सहकाऱ्यांच्या वाक्याचा त्यात उल्लेख नको. आणि ते पत्र पाठवण्याआधी त्याचा मसुदा वकिलाला दाखवा, कारण पदाच्या वर्णनातला एखादा शब्द परवान्याला अडचणीचा ठरू शकतो.